क्ष-किरणतज्ज्ञ संशोधनाकडे का वळतात?

छातीचे वा मोडलेल्या हाताचे चित्र काढण्यासाठी आपण क्ष-किरण विभागात जातो. तेथील कर्मचारी आपणांस स्थिर राहण्यास सांगतात, कळ दाबतात आणि पुढच्या रुग्णास बोलावतात. हे काम पाहणाऱ्यास अगदी ठरावीक वाटते. मग याच मंडळींपैकी काही जण संशोधनाची खडतर वाट का धरतात? कीर्ती, पदवी, वेतन ही कारणे असतीलही. परंतु खरी प्रेरणा रोजच्या कामात खुपणाऱ्या उणिवेतून येते, असे आम्हांस वाटते. त्याची दोन उदाहरणे पाहू.

राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हा त्यांच्यापासून होणारी इजा कोणास ठाऊक नव्हती. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे काम करणारे डॉ. मिहरान कसाबियन यांचे हात या किरणांनी भाजले. त्यांनी ते लपविले नाहीत. उलट स्वतःच्याच हातांची छायाचित्रे घेऊन त्या इजेची नोंद ठेवली. पुढे त्यांची बोटे कापावी लागली आणि १९१० साली कर्करोगाने त्यांचा अंत झाला. आपल्यामागून येणाऱ्यांनी सावध व्हावे, हाच त्या नोंदींचा अर्थ.

दुसरे उदाहरण स्वीडनचे. धमनीचे चित्र घेण्यासाठी तीत नळी घालून औषध सोडावे लागे. ती नळी सुईच्या पोकळीतून न्यावयाची, म्हणून सुई नळीहून जाड हवी; साहजिकच छिद्र मोठे पडे व रक्तस्राव होई. डॉ. स्वेन सेल्डिंगर या तरुण क्ष-किरणतज्ज्ञांस हे खटकले. त्यांनी बारीक सुईतून प्रथम लवचीक तार धमनीत सरकविली, सुई काढून घेतली आणि त्या तारेवरून नळी आत नेली. १९५३ साली ही रीत प्रसिद्ध झाली. ती इतकी सोपी होती की, डॉक्टरेटच्या प्रबंधास अपुरी ठरली! तरीही हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी आज बहुधा याच रीतीने होते.

दोघांनाही प्रश्न शोधावयास दूर जावे लागले नाही. एकास तो स्वतःच्या हातावर दिसला, दुसऱ्यास रुग्णाच्या जखमेत. “असेच चालत आले आहे,” असे म्हणून त्यांनी त्याकडे पाठ फिरविली नाही. संशोधनाचा आरंभ तेथेच होतो, आणि एवढा आरंभ तर आम्हां विद्यार्थ्यांनाही शक्य आहे.