आजी घरी, नातवंडे सहलीला! असे का?

दिवाळी झाली की आपल्याकडे सहलींचा हंगाम सुरू होतो तो थेट उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत चालतो. पूर्वी सहल म्हणजे रामलिंग, तुळजापूर, नळदुर्गचा किल्ला. आता शाळांच्या बसगाड्या आणि घरच्या जीपगाड्या २०१३ साली सुरू झालेल्या खोपोलीजवळच्या 'इमॅजिका'कडे किंवा शिर्डीच्या वॉटर पार्ककडे निघतात. त्यात वाईट काही नाही. मात्र सहलीच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यात दोन प्रकारची माणसे हमखास येतात. पहिली म्हणतात, "डॉक्टर, आईला शुगर आहे, मुलाला फिट येते, त्यांना घरीच ठेवतो." दुसरी म्हणतात, "बीपीचे तिथे सांगितले तर पाळण्यात बसू देणार नाहीत, म्हणून सांगणारच नाही." वाचकहो, दोघांचेही चुकते. माणूस घरी ठेवू नये आणि आजार लपवूही नये.

पाळण्याजवळची पाटी वाचा

हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, गरोदरपण, फिट्स, मान किंवा पाठीची शस्त्रक्रिया असलेल्यांनी बसू नये, अशी पाटी मोठ्या पार्कमध्ये वेगवान राईडजवळ असते. ती घाबरवण्यासाठी नसते. अचानक वेग वाढला की नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. निरोगी हृदय ते सोसते, आजारी हृदयाला ते जड जाते. रामलिंगच्या पायऱ्या चढताना ज्याला दम लागतो किंवा छातीत भरून येते, त्याने तपासणी केल्याशिवाय अशा राईडवर बसू नये. येरमाळ्याच्या यात्रेत पाळणेवाला तुम्हाला काही विचारणार नाही, म्हणून तिथे स्वतःच जपावे.

डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतील वरच्या मणक्यांचे सांधे सैल असतात. झटका बसल्यास मज्जारज्जूला इजा होऊ शकते. अशा मुलांना रोलर कोस्टरवर बसवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. साधी आगगाडी, बोट, खेळ, देखावे यांचा आनंद त्यांना खुशाल घेऊ द्यावा.

फिट येणारी मुले

येडशीहून खोपोली म्हणजे पुण्याच्याही पुढे, रात्रीचा प्रवास. जागरण आणि चुकलेली गोळी ही फिट येण्याची दोन मोठी कारणे आहेत. म्हणून एक मुक्काम करून, झोप पूर्ण झाल्यावरच पार्कमध्ये जावे. गोळ्या बॅगेत तळाशी न ठेवता खिशात ठेवाव्यात. पाण्यात मुलाच्या हाताच्या अंतरावर एक मोठे माणूस सतत हवेच. काही मुलांना लखलखत्या दिव्यांमुळेही फिट येते. त्यांना तसले खेळ टाळायला लावावेत.

मधुमेह असल्यास

इन्शुलिन किंवा शुगरची गोळी घेतली आणि रांगेत उभे राहण्यात जेवण राहिले, तर शुगर उतरते. घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखान्यात न्यावे. इन्शुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवल्यास बर्फाला चिकटू देऊ नये, कारण गोठलेले इन्शुलिन निकामी होते. वॉटर पार्कमध्ये अनवाणी चालताना विशेष जपावे. तळपायाची संवेदना कमी झालेल्यांना तापलेल्या फरशीने फोड आलेला कळतही नाही, आणि त्याच फोडाची पुढे जखम होते.

पथ्याचे खाणे

काही मुलांना गहू चालत नाही. या आजाराला सिलिअॅक म्हणतात. गव्हातील ग्लूटेनमुळे त्यांच्या आतड्याला इजा होते. यांच्यासाठी आपली ज्वारीची भाकरी वरदान आहे, कारण ज्वारीत ग्लूटेन नसते. मात्र गिरणीत गव्हानंतर लगेच ज्वारी दळली तर गव्हाचे पीठ मिसळते. बाजारच्या हिंगातही अनेकदा मैदा असतो. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्यांनी तर दुप्पट सावध राहावे, कारण आपल्याकडे भाजीत कूट घालण्याची सवयच आहे. पार्कमध्ये बाहेरचे खाणे बहुधा नेऊ देत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी आणि निघण्यापूर्वी फोन करून परवानगी विचारून ठेवावी. त्याच फोनवर व्हीलचेअर, उतार, स्वच्छतागृह आणि प्रथमोपचार केंद्राचीही चौकशी करावी.

हा उपकार नव्हे

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात कलम २९ आहे. त्यात सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीचा हक्क दिला आहे. याच कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यामुळे चाकाच्या खुर्चीसाठी उतार मागताना संकोच करू नये. अमेरिकेत टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ येथे २०१० साली गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या दिव्यांग मुलीच्या नावाने 'मॉर्गन्स वंडरलँड' हे पार्क उभारले. चाकाच्या खुर्चीसह बसता येईल असे झोके तिथे आहेत, आणि दिव्यांगांना प्रवेश मोफत आहे. आपल्याकडे तसे सर्वत्र होईपर्यंत निदान घरातली माणसे तरी मागे पडू नयेत.

निघण्याआधी आठ दिवस डॉक्टरांना भेटा. गोळ्या दोन दिवसांच्या जादा घ्या. आजाराचे नाव, औषधे आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात असू द्या. आजीला पाळण्यात बसायचेच असते असे नाही. नातवंडे वरून हात हलवतात तेव्हा खाली उभे राहून हात हलवणारे कोणीतरी त्यांनाही हवे असते.