भाच्याची अनाउन्समेंट

माझा भाचा नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. मी परळीला आलो की आम्ही स्टेशनवर गाड्या बघतो. गप्पा नाहीत, तो डबे मोजतो, मीपण मोजतो. थर्मलच्या कोळशाची मालगाडी आली की त्याची दिवाळीच!

घरी तो मध्येच म्हणायचा, "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." सगळे हसायचे, मीसुद्धा. याला इकोलालिया म्हणतात: ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं. बऱ्याचदा त्यात अर्थ असतो. एकदा शेजारीच इंजिनानं हॉर्न दिला. त्यानं कान झाकले आणि हेच वाक्य म्हटलं. तेव्हा मला टोटल लागली, आवाज सहन होत नाहीये.

परवा लग्नात डीजे सुरू झाला. "गैरसोयीबद्दल..." एवढंच तो बोलला. ताट तसंच ठेवून आम्ही दोघं बाहेर.