सलग रेघेची साक्ष

फिटरच्या हाती एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग येतं. समोरून पाहिलेला ब्रॅकेट म्हणजे इंग्रजी ‘एल’: आडवा पाया, डाव्या टोकाला उभी भिंत. त्याखाली दुसरा व्ह्यू, आणि त्यात खालच्या कडेजवळ एक आरपार भोक. हा व्ह्यू वरून पाहिलेला की खालून? वरून असेल तर भोक ब्रॅकेटच्या पुढच्या कडेजवळ, खालून असेल तर मागच्या. इथे चुकलं की जॉब आरशातल्यासारखा उलटा होतो. मापं सगळी बरोबर, व्हर्नियरही खूश. असेंब्लीत मात्र तो बसायला तयार नाही.

हा गोंधळ जुना आहे. वस्तू एकमेकींना काटकोनात असलेल्या प्रतलांवर उतरवून मग ती प्रतलं एका कागदावर उलगडायची, ही पद्धत शास्त्रशुद्ध केली फ्रान्सच्या गास्पार मोंझने. मेझिएरच्या लष्करी शाळेत किल्ल्याच्या बांधणीचा एक प्रश्न त्याने लांबलचक आकडेमोड टाळून भूमितीने सोडवला. तो इतका झटपट सुटला, की वरिष्ठ आधी तपासायलाच तयार नव्हते! पुढे तीच रीत लष्करी गुपित ठरली. १७९५ साली पॅरिसच्या व्याख्यानांतून ती खुली झाली.

उलगडण्याच्या दोन रीती टिकल्या. फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो, थर्ड अँगलमध्ये वर. अमेरिकेत थर्ड चालतो; आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोची ‘एसपी ४६’ ही पुस्तिका फर्स्टच्या बाजूने आहे. पण कारखान्यात दोन्ही रीतींची ड्रॉइंग्ज येतात. म्हणून टायटल ब्लॉकमध्ये टोक कापलेल्या शंकूचं चिन्ह असतं. शंकू डावीकडे आणि वर्तुळं उजवीकडे असली की फर्स्ट अँगल.

चिन्हच छापलेलं नसेल तर? तर रेघा विचाराव्यात. दिसणारी कड जाड सलग, आड गेलेली तुटक, मध्यरेषा बारीक साखळी, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. जाड रेघ बारकीच्या दुप्पट, हेही. पण रेघेचा प्रकार व्ह्यूची दिशासुद्धा सांगतो, हे फारसं कुणी शिकवत नाही. आपल्या ब्रॅकेटच्या भिंतीची आतली बाजू पाहा. वरून पाहिलं तर ती उघडी दिसते, म्हणजे सलग रेघ. खालून पाहिलं तर पाया आड येतो, म्हणजे तुटक. दुसऱ्या व्ह्यूमध्ये ती सलग असेल तर तो टॉप व्ह्यू, आणि तो फ्रंटखाली आहे, म्हणजे ड्रॉइंग फर्स्ट अँगलचं. चिन्हाविना निकाल लागला. माझ्या मते तुटक रेघ आळसाने सलग ओढणारा ड्राफ्ट्समन माप चुकवणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो. चुकलेलं माप निदान तपासणीत सापडतं.

ही साक्ष नेहमी मिळतेच असं नाही. उजवीकडे तोंड असलेलं सी-चॅनल घ्या: दोन्ही पात्या सारख्या लांबीच्या, पण वरची जाड, खालची पातळ; पुढच्या कडेजवळ दोन्हींतून आरपार एक भोक. वरून पाहा की खालून, मधल्या भिंतीची रेघ तुटकच. तिथे चिन्ह नसेल, तर भोक पाडण्याआधी ड्रॉइंग ऑफिसला फोन लावावा.