हिंदी सिनेमाबाहेरचं काही ऐकायचंय?

मग सुरुवात 'इंडियन ओशन'पासूनच करा. दिल्लीचा हा बँड १९९० पासूनचा. त्यांचा २००० सालचा 'कंदिसा' हा अल्बम सलग ऐका, गाणी पुढं ढकलू नका. शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांच्या प्राचीन प्रार्थनेवर बेतलेलं, तर 'मा रेवा' हे नर्मदेचं लोकगीत. 'कंदिसा'चे शब्द मलाही कळत नाहीत, पण असीम चक्रवर्तींचा आवाज पाठ सोडत नाही. हा माणूस तबला वाजवता वाजवता गायचा! २००९ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी बँडनं '१६/३३० खजूर रोड' या अल्बममधली गाणी एकेक करून चक्क फुकट डाउनलोडला दिली. त्यातही असीमदांचा आवाज आहे.

रॉकवाल्यांनी केरळचा 'अवियल' ऐकावा. गाणी मल्याळममधली, गिटार दणदणीत. २००८ चा त्यांच्याच नावाचा अल्बम पुरेसा आहे.

आणि दिल्लीचीच 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी'. गाणी इंग्रजी, बाज जुन्या जॅझ क्लबचा. 'बिस्मिल्लाह' (२०१९) पहिल्यांदा विस्कळीत वाटेल. माझ्या मते तीच त्याची मजा.

एक विनंती: मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. 'कंदिसा'मधला राहुल राम यांचा बेस नाहीतर ऐकूच येणार नाही.