आकड्यांचे पंख

मुलांनो, गणित सोडवून झालं की तुम्ही आधी काय करता? पुस्तकाची शेवटची पानं उलटता आणि उत्तर ताडून पाहता. जुळलं तर स्वारी खूश! आणि नाही जुळलं तर? आपलंच काहीतरी चुकलं म्हणायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. बहुतेक वेळा चूक आपलीच निघते, हे खरं. पण समजा, तीन-तीनदा तपासूनही उत्तर जुळलं नाही, तर? 'पुस्तकात छापलेलंच चुकलं असेल,' असं म्हणायचं धाडस तुम्ही कराल का? आणि केलंत, तर ते सिद्ध कसं कराल?

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या दोन भावांवर अशीच पाळी आली होती. त्यांचं गणित मात्र वहीत मावणारं नव्हतं. ते चुकलं तर नुसती लाल शाईची फुली मिळणार नव्हती, हाडं मोडणार होती!

ते दोघे म्हणजे विल्बर आणि ऑर्विल राइट. विमानाचा शोध लावणारे राइट बंधू तुम्हाला माहीत आहेतच. पण त्यांनी विमान उडवलं ते नुसत्या धाडसावर नव्हे, बरं का! ते उडवलं एका लाकडी खोक्यानं आणि वहीभर आकड्यांनी. आज तीच गोष्ट सांगते.

सायकलवाल्यांचं वेड

ओहायो राज्यातल्या डेटन गावात राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं. सायकली दुरुस्त करायच्या, नव्या बनवायच्या आणि विकायच्या, हा त्यांचा धंदा. कॉलेजची पदवी दोघांकडेही नव्हती. पण उडण्याचं वेड मात्र जबर!

त्यांच्या आधी जर्मनीत ऑटो लिलिएंटाल नावाचा इंजिनियर होऊन गेला. पंखांना लटकून टेकडीवरून झेप घ्यायची आणि तरंगत खाली उतरायचं, असं त्यानं सुमारे दोन हजार वेळा केलं. कोणत्या कोनात धरलेल्या पंखाला वारा किती उचलतो, याचा एक तक्ताही त्यानं छापला. पण १८९६ साली ऑगस्ट महिन्यात तो असाच उडताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला.

राइट बंधूंनी लिलिएंटालचा तक्ता मिळवला आणि त्यावरून आपल्या ग्लायडरचे, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचे, पंख आखले. ग्लायडर उडवायला जोरदार वारा हवा. तो कुठे मिळेल? त्यांनी अंदाज बांधला नाही. सरकारी हवामान खात्याकडून गावोगावच्या वाऱ्याच्या नोंदी मागवल्या आणि त्या पाहून समुद्रकाठचं किटी हॉक हे वाळूच्या टेकड्यांचं गाव निवडलं.

गणित जुळेना!

१९०० साली त्यांनी पहिला ग्लायडर किटी हॉकला नेला. हिशेबाप्रमाणे वाऱ्यानं तो जितका उचलायला हवा, तितका उचलेना. पंख लहान पडले असतील असं समजून १९०१ साली त्यांनी खूप मोठे पंख केले. एकूण २९० चौरस फूट! तरी रडगाणं तेच. तक्त्याप्रमाणे जेवढी उचल मिळायला हवी होती, तिच्या जेमतेम एक तृतीयांश मिळाली. त्यातून पाऊस आणि डासांनी जीव नकोसा केला. दोघे हिरमुसले होऊन घरी परतले. आपण त्या वेळी ऑर्विलला काय म्हणालो होतो, हे विल्बरनं पुढे १९०८ साली एका भाषणात कबूल केलं. तो म्हणाला होता, की अजून पन्नास वर्षं तरी माणूस उडणार नाही!

आता त्यांचा हिशेब काय होता, ते पाहू. पंखाला मिळणारी उचल काढायला चार गोष्टींचा गुणाकार करावा लागे. पंखाचं क्षेत्रफळ, वाऱ्याच्या वेगाचा वर्ग, लिलिएंटालच्या तक्त्यातला आकडा आणि चौथा एक ठरलेला आकडा, ०.००५.

हा ०.००५ आला कुठून? जॉन स्मीटन या नामांकित इंग्रज इंजिनियरनं १७५९ साली पवनचक्क्यांवर एक निबंध लिहिला होता. त्यातल्या वाऱ्याच्या तक्त्यावरून हा आकडा रूढ झाला. त्याचा अर्थ असा : ताशी १ मैल वेगाचा वारा १ चौरस फुटाच्या फळीवर समोरून आदळला, तर तो तिला ०.००५ पौंड जोरानं ढकलतो. वारा ताशी २० मैलांचा असेल, तर २० चा वर्ग ४००, गुणिले ०.००५, म्हणजे २ पौंड. सोपं आहे की नाही? जवळजवळ दीडशे वर्षं हा आकडा पुस्तकांतून छापला जात होता. काहींना त्याची शंका यायची, पण बहुतेक जण तो मुकाट्यानं वापरत.

मग चूक कुणाची? स्मीटनची? लिलिएंटालची? की राइट बंधूंची स्वतःची? नुसतं डोकं खाजवून हे कळणार नव्हतं. मोजायलाच हवं होतं.

सायकल आणि खोकं

आधी त्यांनी आपली हक्काची सायकल काढली. हँडलच्या पुढे एक चाक आडवं बसवलं आणि त्यावर एका जागी छोटा वाकडा पंख, तर दुसऱ्या जागी सपाट पट्टी उभी केली. सायकल जोरात हाणली की समोरून वारा येणार! वारा दोघांनाही ढकलणार. लिलिएंटालच्या तक्त्याप्रमाणे दोघांचा जोर सारखा झाला, तर चाक फिरायला नको. पण ते फिरलं! काहीतरी चुकतंय हे नक्की झालं. पण किती चुकतंय, हे सायकलवरून नेमकं कळेना.

मग त्यांनी सहा फूट लांबीचं लाकडी खोकं केलं. आतून १६ इंच रुंद, १६ इंच उंच आणि वर पाहायला काच. एका तोंडाशी पंखा. वीज नव्हतीच, तेव्हा दुकानातल्या गॅसच्या इंजिनाला पट्टा लावून तो पंखा फिरवला. झाला वाऱ्याचा बोगदा तयार!

आत ठेवायचा तराजू त्यांनी लोखंड कापायच्या करवतीची जुनी पाती आणि सायकलच्या स्पोकची तार वापरून बनवला. तो दिसायला ओबडधोबड, पण युक्ती पाहा! एकीकडे छोटा पंख, दुसरीकडे सपाट पट्ट्या, आणि दोन्हींवर तोच वारा. वारा थोडा कमीजास्त झाला तरी दोन्हींवर सारखाच होणार. त्यामुळे पंखाची खरी ताकद पट्ट्यांशी तुलना करून नेमकी मिळे.

पत्र्याचे छोटे छोटे पंख त्यांनी कापले. कुणी लांबट, कुणी रुंद, कुणी जास्त वाकडा, कुणी कमी. सुरुवातीच्या चाचण्यांत सुमारे २०० पंख तपासले. मग त्यांतले काही डझन निवडून प्रत्येकाला वेगवेगळ्या कोनांत ठेवून आकडे लिहून घेतले.

शिस्त किती कडक, तर मोजणी चालू असताना खोलीतली कोणतीही मोठी वस्तू जागची हलवायची नाही. मोजणाऱ्याशिवाय कुणी जवळ यायचं नाही आणि मोजणाऱ्यानंही दर वेळी त्याच जागी उभं राहायचं! कारण? माणूस जरा सरकला तरी हवेचा झोत बदलतो आणि आकडा चुकतो, हे त्यांनी आधी अनुभवलं होतं.

खरा चोर सापडला

आता निकाल ऐका. पहिला गुन्हेगार निघाला तो दीडशे वर्षांचा आकडा! ग्लायडरच्या उड्डाणांच्या नोंदींवरून राइट बंधूंनी हिशेब केला, तेव्हा ०.००५ च्या जागी सुमारे ०.००३३ आलं. म्हणजे मघाच्या उदाहरणातल्या फळीवर २ पौंड नव्हे, जेमतेम १.३ पौंड जोर पडणार.

आणि लिलिएंटाल? तो बिचारा बराचसा बरोबर होता. पण त्याचा तक्ता होता त्याच्या स्वतःच्या आकाराच्या पंखाचा. राइट बंधूंनी तो आपल्या वेगळ्या आकाराच्या पंखाला लावला. ही चूक त्यांची स्वतःची! पाहा हं, मोजायला बसले तेव्हा संशय होता लिलिएंटालवर, आणि आकड्यांनी त्याचीच बाजू घेतली. दोघा भावांनी ते मान्य केलं. मोजण्यापेक्षाही हे अवघड असतं, नाही का?

आणखी एक मोलाची गोष्ट कळली. क्षेत्रफळ साधारण तेवढंच ठेवून पंख लांब आणि अरुंद केला, तर तो जास्त चांगला उचलतो. १९०१ चा पंख २२ फूट लांब आणि ७ फूट रुंद होता. १९०२ चा केला ३२ फूट लांब आणि ५ फूट रुंद. आणि काय सांगू! त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांनी शेकडो झेपा घेतल्या. सर्वांत लांब झेप ६०० फुटांच्या पुढे गेली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १७ डिसेंबर १९०३. ऑर्विल इंजिनाच्या विमानातून १२ सेकंदांत १२० फूट उडाला. त्याच दिवशी चौथ्या खेपेला विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला. पन्नास वर्षं म्हणाला होता, लागली दोन!

कॉम्प्युटरवाल्यांचीही तीच कथा

तुम्ही म्हणाल, 'बाई, हे विमानांचं झालं. कॉम्प्युटरला कुठे वारा लागतो?' वारा लागत नाही, पण अंदाज तिथेही चुकतात.

कॉम्प्युटरला दिलेल्या सूचनांच्या यादीला प्रोग्रॅम म्हणतात. प्रोग्रॅम रेंगाळायला लागला, की लिहिणारा म्हणतो, 'इथेच वेळ जात असणार.' आणि तो भलताच भाग दुरुस्त करत बसतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांनी १९७१ साली याचा अभ्यास छापला. त्यांनी लोकांनी लिहिलेले खरेखुरे प्रोग्रॅम गोळा केले. त्यासाठी कचऱ्याच्या टोपल्यासुद्धा धुंडाळल्या! कोणती ओळ किती वेळा चालते, हे मोजलं. तेव्हा दिसलं, की बहुधा प्रोग्रॅमचा शेकडा चारपेक्षाही छोटा भाग निम्म्याहून जास्त वेळ खातो.

गंमत पुढेच आहे. ही मोजणी करणारा जो प्रोग्रॅम होता, तोच त्यांनी स्वतःवर चालवून पाहिला. आणि तोही दोन छोट्या जागी निम्म्याहून जास्त वेळ घालवत होता! तासाभराच्या आत दुरुस्ती झाली आणि वेग दुप्पट झाला. अहो, मोजणाऱ्यालाही स्वतःला मोजून घ्यावं लागतं!

गाळलेल्या ओळी

पण आकडे हाताशी असले की काम फत्ते, असं मात्र नाही. ही गोष्ट दुःखाची आहे, तरी ती तुम्हाला सांगायलाच हवी.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. सातही अंतराळवीर गेले. त्यांत ख्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिका होती. यानाला ढकलणाऱ्या रॉकेटच्या सांध्यांत रबरासारख्या लवचीक कड्या होत्या. त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. थंडीनं कडी कडक झाली आणि तिच्या फटीतून आग बाहेर आली.

आदल्या रात्री काही इंजिनियर 'उद्या उडवू नका' असं जीव तोडून सांगत होते. चर्चेत जुने आकडेही काढले. पण थंडीचा संबंध पाहताना ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती, तेवढ्याच उड्डाणांकडे पाहिलं. इजा गरम दिवशीही दिसत होती, थंड दिवशीही दिसत होती. मग थंडीचा काय दोष?

पुढे चौकशी समितीनं इजा न झालेली उड्डाणंही मांडली आणि चित्र लख्ख दिसलं. कड्यांचं तापमान सुमारे १९ अंश सेल्सियस किंवा जास्त असलेल्या २० उड्डाणांत इजा फक्त ३ वेळा झाली होती. सुमारे १७ अंश किंवा त्याहून कमी असलेली उड्डाणं होती ४, आणि चारही वेळा इजा! आकडे खोटे नव्हते. 'काही झालं नाही' असं सांगणाऱ्या ओळी तेवढ्या गाळल्या गेल्या होत्या.

आता तुमची पाळी

येत्या रविवारी एक प्रयोग करा. सारख्या कागदाची दोन विमानं करा, एक रुंद पंखांचं आणि एक अरुंद. घरातला पंखा बंद करा, खिडकी लावून घ्या. एकाच जागी उभं राहून प्रत्येक विमान दहा वेळा उडवा आणि पट्टीनं अंतर मोजून वहीत लिहा. विमान नाकावर आपटलं, तरी तेही लिहायचं. ती ओळ गाळायची नाही! मग कागदाच्या टोकाला टाचणी-क्लिप लावा आणि पुन्हा दहा वेळा उडवा. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर फरक कशानं पडला ते कळणार नाही.

आणि हो, उडवण्याआधी कोणतं विमान जिंकेल, हा तुमचा अंदाज पहिल्या ओळीत लिहून ठेवा. शेवटी तो चुकलेला निघाला, तर खोडू नका. तसाच राहू द्या. विल्बर राइटची पन्नास वर्षंही अशीच चुकली होती!