शंभर पौंड, राहायला जागा, कोळसा आणि मेणबत्त्या

डिसेंबर १८३२ मध्ये लंडनच्या अल्बेमार्ल स्ट्रीटवर, २१ क्रमांकाच्या वास्तूत, एक समिती हिशेबाच्या वह्या उघडून बसली होती. रॉयल इन्स्टिट्यूशनची गंगाजळी आटत चालली होती आणि काटकसर कुठे करता येईल हे शोधायचे होते. एकेक खर्च तपासत समिती मायकल फॅरडेच्या नावापाशी आली. वर्षाला शंभर पौंड, राहायला जागा, कोळसा आणि मेणबत्त्या. यातून काहीही कापता येणार नाही, असा अभिप्राय समितीने नोंदवला. आदल्याच वर्षी, ऑगस्ट १८३१ मध्ये, याच फॅरडेने याच वास्तूत विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला होता. आजची वीजनिर्मिती ज्या तत्त्वावर उभी आहे ते तत्त्व ज्याने दिले, त्याचा पगार कमी करावा का, हा प्रश्न संस्थेला विचारावा लागला होता.

सभासदांच्या पैशावर विज्ञान चालवायचे म्हणजे काय, हे समजून घ्यायला रॉयल इन्स्टिट्यूशनइतकी बोलकी संस्था दुसरी नाही. मार्च १७९९ मध्ये काउंट रम्फर्डच्या पुढाकाराने ती निघाली, तेव्हा ५८ जणांनी प्रत्येकी ५० गिनी भरल्या. हे झाले ‘मालक’, आणि त्यांचा हिस्सा वारसाहक्काने पुढे जाणार होता. त्याखालोखाल १० गिनी भरणारे आजीव वर्गणीदार, त्याखाली २ गिनीवाले वार्षिक. १८०० मध्ये राजसनद मिळाली, पण सनदेसोबत सरकारी तिजोरीतून पैसा आला नाही. कारभार पाहायला व्यवस्थापकांची समिती होती आणि त्या कारभारावर नजर ठेवायला तपासनिसांची वेगळी समिती. खर्च करणारे आणि हिशेब विचारणारे वेगळे असावेत, ही जाण संस्थेपाशी पहिल्या दिवसापासून होती.

तरीही पैसा कोणाचा, यावर संस्थेचा चेहरा ठरत गेला. रम्फर्डला कारागिरांपर्यंत उपयोगी ज्ञान पोहोचवायचे होते. सभागृहाचे काम पाहणाऱ्या टॉमस वेबस्टरने त्यांच्यासाठी थेट गॅलरीत जाणारा वेगळा दगडी जिना बांधला होता. खालच्या वर्गाला विज्ञान शिकवणे काही बड्या मंडळींना रुचले नाही आणि तो जिना पुढे काढून टाकला गेला. मला ही घटना संस्थेच्या कुठल्याही ताळेबंदाइतकीच महत्त्वाची वाटते. सभागृहात मग रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांना उच्चभ्रू लंडन लोटले. बग्ग्यांची एवढी कोंडी होऊ लागली की अल्बेमार्ल स्ट्रीट हा शहरातला पहिला एकेरी वाहतुकीचा रस्ता झाला, असे सांगतात.

१८१० मध्ये संसदेच्या कायद्याने मालकी हक्क संपवून ‘सभासद’ आणले. व्यक्तिगत मालमत्ता सार्वजनिक झाली, हे चांगलेच झाले. पण सभासद वर्गणी भरतात ते त्यांना काहीतरी मिळते म्हणून. लोहाराच्या घरात जन्मलेल्या आणि १८१३ मध्ये आठवड्याला २५ शिलिंगांवर नोकरीला लागलेल्या फॅरडेने हे नेमके ओळखले. १८२५ मध्ये तो प्रयोगशाळेचा संचालक झाला आणि शुक्रवारची सायंव्याख्याने सुरू झाली. सभासदाने पाहुण्यांना घेऊन यावे आणि नवे विज्ञान प्रयोगांसह पाहावे, अशी ती योजना. मुलांसाठीची नाताळ व्याख्यानेही त्याच वर्षीची. २९ जानेवारी १८९७ च्या शुक्रवारी जगदीशचंद्र बोस यांनी याच सभागृहात आपल्या विद्युत लहरींचे प्रयोग करून दाखवले.

व्याख्यानांनी सभासद आणले, पण संशोधनाचा खर्च वर्गणीतून कधीच पुरा निघाला नाही. त्यासाठी कोणीतरी मोठा दाता लागला. १८३३ मध्ये जॉन फुलरने रसायनशास्त्राचे प्राध्यापकपद कायम निधीसह दिले आणि फॅरडेच्या मिळकतीत वर्षाला आणखी शंभर पौंडांची भर पडली. फुलरची संपत्ती जमैकातल्या गुलामांच्या श्रमावरही उभी होती, हेही याच हिशेबात लिहायला हवे. १८९६ मध्ये रसायन-उद्योजक लुडविग मॉन्डच्या देणगीतून शेजारच्याच इमारतीत डेव्ही-फॅरडे प्रयोगशाळा उभी राहिली. आणि एक दाता तर पगारपत्रकावरच होता. फॅरडेचा सहकारी असलेल्या टिंडलने लिहून ठेवले आहे की १८३० मध्ये फॅरडेची बाहेरच्या व्यावसायिक कामाची कमाई हजार पौंडांवर गेली होती. संशोधनाला वेळ मिळावा म्हणून त्याने ती जवळजवळ सोडून दिली.

एवढा इतिहास पाठीशी असलेल्या संस्थेने एकविसाव्या शतकात जे केले ते वाचून जीव तुटतो. सुमारे २.२ कोटी पौंड खर्चून वास्तूचे नूतनीकरण झाले आणि २००८ मध्ये राणीच्या हस्ते ती पुन्हा खुली झाली. उपाहारगृह आणि बार आले. खर्चासाठी संस्थेने आपल्या मालकीची इतर मालमत्ता विकली, म्हणजे अडीअडचणीला आधार देणारी पुंजी मोडली आणि नव्या वास्तूच्या कमाईवर भिस्त ठेवली. त्याच वर्षी जागतिक मंदी आली. कर्ज उरले.

जानेवारी २०१० मध्ये संचालक सुसान ग्रीनफिल्ड यांचे पद परवडत नाही म्हणून रद्द करण्यात आले. एप्रिलमध्ये सभासदांची विशेष सभा भरली. संपूर्ण कार्यकारिणी बदलावी हा ठराव तीत फेटाळला गेला. सभासदांना मताचा अधिकार होता आणि त्यांनी तो बजावला, पण तोवर उशीर झाला होता. मालमत्ता विकून बांधकाम करावे का, हा प्रश्न वीट रचली जाण्याआधी सभेपुढे यायला हवा होता. २०१० मध्ये वाद पेटला तो व्यक्तीभोवती. कोण जावे आणि कोण राहावे यावर लोक हिरिरीने बोलतात, पण लेखापरीक्षकाचा अहवाल वाचायला फारसे कोणी बसत नाही. १७९९ मधली तपासनिसांची समिती नेमकी या कामासाठी होती.

जानेवारी २०१३ मध्ये वास्तूच विकण्याचा विचार सुरू असल्याची बातमी फुटली. नोबेल विजेते हॅरी क्रोटो यांनी ती वाचवण्यासाठी मोहीम उघडली. मार्चमध्ये नाव गुप्त ठेवलेल्या दात्याकडून ४४ लाख पौंड आले आणि बँकेचे कर्ज फिटले. वास्तू राहिली, पण विकलेली मालमत्ता आणि तिचे उत्पन्न परत आले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये संस्थेने आपल्या ग्रंथालयातले काही दुर्मिळ वैज्ञानिक ग्रंथ ख्रिस्तीजच्या लिलावात काढले.