पहिलीपासून इंग्रजी, पण किती तास?

“लहानपणी घातलं की इंग्रजी आपोआप येतं.” जूनच्या तोंडावर शाळाप्रवेशाचा विषय निघाला की पेण असो वा रोहा, हे वाक्य ऐकू येतंच. पाठोपाठ पुरावाही हजर असतो: अमेरिकेत गेलेल्या चुलत्यांची पोरं बघा, दोन वर्षांत फाडफाड बोलायला लागली.

ती बोलायला लागली हे खरं. पण तिथे त्यांच्या कानावर दिवसभर इंग्रजीच पडत होतं. पेणच्या मुलाला इंग्रजी भेटतं ते शाळेच्या एका तासापुरतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस शाळा भरते. रोज ३५ मिनिटांची एक तासिका धरली तर वर्षाला जेमतेम ११७ तास होतात. इंग्रजी बोलणाऱ्या देशात रोज दहा तास ती भाषा ऐकणारं मूल एवढा पल्ला बारा दिवसांत गाठतं. म्हणूनच भाषा शिकण्यावर संशोधन करणारे लोक ‘दुसरी भाषा’ आणि ‘परकी भाषा’ असा भेद करतात. दुसरी भाषा शाळेबाहेरही चोहीकडे ऐकू येते, परकी भाषा वर्गाच्या दाराशीच थांबते. पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, रोह्याच्या बाजारात इंग्रजी परकीच आहे.

परक्या भाषेच्या बाबतीत वयाचं गणित उलटं निघतं, हे बार्सिलोनात दिसलं. तिथे शाळांत इंग्रजी सुरू करण्याचं वय ११ वरून ८ वर आलं, तेव्हा कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही गटांची तुलना केली. कसोटी वयाची नव्हती, तासांची होती: २००, ४१६ आणि ७२६ तास शिकून झाल्यावर कोणाला किती येतं? उशिरा सुरुवात केलेली मुलंच बहुतेक चाचण्यांत पुढे होती. मोठ्या मुलाला नियम कळतो, तुलना करता येते, आपलं काय चुकतं हे उमगतं. लहान मूल ऐकून ऐकून शिकतं, आणि त्यासाठी लागणारं भरपूर ऐकणं आठवड्याच्या पाच-सहा तासिकांत मिळत नाही. लवकर सुरू करणं वाईट, असा याचा अर्थ नव्हे. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याने मुलांची भीती मोडली असेल तर तेही थोडं नाही. पण निव्वळ लवकर सुरुवात केल्याने भाषा येत नाही.

दुसरा समज याहून घातक आहे: घरात मराठी बंद केली की इंग्रजी पक्कं होतं. कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७९पासून मांडलेलं म्हणणं नेमकं याच्या विरुद्ध आहे. परिच्छेदाचा मुद्दा पकडणं, कारण सांगणं, अंदाज बांधणं ही कौशल्यं मूल एकदाच शिकतं आणि दोन्ही भाषांत वापरतं. मराठीत गोष्टीचा सारांश सांगता न येणाऱ्या मुलाला तो इंग्रजीत कुठून सांगता येणार? त्यात पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांवरची मुलं घरी कातकरी बोलतात. त्यांना शाळेतली मराठीच नवी, इंग्रजी तर तिसरी भाषा. त्यांना थेट इंग्रजीत टाकणं म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या काढून घेणं. आधी दुसरी भाषा पक्की केली म्हणून इंग्रजी अडत नाही, याचं जवळचं उदाहरण: रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख १९१२च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि पुढे १९१८च्या आयसीएस परीक्षेतही पहिले आले. एका हुशार माणसावरून सिद्धांत काढू नये, हे खरंच. पण संस्कृतमुळे त्यांचं इंग्रजी काही अडलं नाही.

आता व्याकरण. “आधी टेन्स पाठ करा, मग बोला,” हा शिकवण्यांचा लाडका मंत्र. भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत वेगळा प्रयोग केला. मुलांना व्याकरण न शिकवता नकाशा वाचणं, गाड्यांच्या वेळापत्रकातून उत्तर शोधणं अशी कामं इंग्रजीतून दिली. पुढच्या मूल्यमापनात व्याकरणाच्या ठराविक चाचण्यांत जुन्या पद्धतीचे वर्ग सरस ठरले आणि भाषा प्रत्यक्ष वापरण्यात प्रभूंचे. तेव्हा व्याकरण टाकाऊ नाही, पण नुसत्या व्याकरणाने बोलणं येत नाही. पनवेल-रोहा गाडीचं वेळापत्रक वर्गात आणायला तर खर्चही नाही.

मला सगळ्यांत पटतो तो फिजीचा प्रयोग. एली आणि मंगुभाई या संशोधकांनी १९८०च्या सुमारास तिथल्या खेड्यातल्या शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी २५० गोष्टींची इंग्रजी पुस्तकं दिली. यातली बरीच मुलं भारतीय वंशाची, घरी हिंदी बोलणारी. वाचन आणि ऐकून समजणं यांत ही मुलं नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट वेगाने पुढे गेली. दुसऱ्या वर्षी फायदा लेखनात आणि व्याकरणातही दिसला.

उच्चाराची धास्ती तर सोडाच. बोलण्याला मातृभाषेचं वळण असणं आणि बोलणं न कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मन्रो आणि डर्विंग या संशोधकांनी १९९५मध्ये दाखवलं. परदेशातल्या ग्राहकाशी बोलणाऱ्या पेणच्या मूर्तिकाराचं बोलणं समोरच्याला कळलं की झालं.

तेव्हा पालकहो, यंदा प्रवेशाला जाल तेव्हा माध्यम विचाराच, पण आणखी दोन प्रश्न विचारा: चौथीच्या मुलांना वाचता येतील अशी इंग्रजी गोष्टींची पुस्तकं शाळेत किती आहेत, आणि ती कपाटाबाहेर येतात का?